रात्री सुटलेली मेंढरं

गेल्या बकरी ईदला भाचा पुण्याहून आला होता. संगणकाच्या क्षेत्रात नोकरीला लागून त्याला नऊ वर्षे झाली. नमाज, कुर्बानी, वाटप सगळे आटोपले, पाहुणे पांगले आणि दुपारी आम्ही दोघेच ओसरीवर बसलो. मी सहज विचारले, "काम कसं चाललंय?"

तो म्हणाला, "मामू, आता मी कोड लिहीत नाही. लिहून घेतो."

"कुणाकडून?"

"एजंटांकडून. म्हणजे माणसं नव्हेत, सॉफ्टवेअरच. रात्री झोपताना काम सांगून ठेवतो, सकाळी उठतो तेव्हा झालेलं असतं."

हे सांगताना त्याच्या आवाजात अभिमान होता. मात्र थोड्या वेळाने तो गप्प झाला आणि मग त्याने जे सांगितले ते असे. त्याच्या कंपनीकडे एका संस्थेच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या यादीचे काम होते. एकाच माणसाची नोंद दोनदा झाली असेल तर ती शोधून एक करायची, एवढेच. एजंटाने कोड लिहिला, तो तपासण्यासाठी लागणाऱ्या चाचण्याही त्यानेच लिहिल्या आणि सगळ्या चाचण्या पास झाल्याचे कळवले. भाच्याने रात्री एक वाजता मोबाइलवरच 'मान्य' दाबले आणि तो झोपला. तीन महिन्यांनी कळले की दोन वृद्ध स्त्रियांची मिळून एकच स्त्री झाली आहे. दोघींचे नाव एक, वडिलांचे नाव एक. एकीचे 'शेख' इंग्रजीत 'ए-आय' असे लिहिलेले, दुसरीचे 'डबल ई'ने. आपल्यात ही गोष्ट नवी नाही. एका घरातल्या चार भावांच्या दाखल्यांवर चार तऱ्हेचे शेख सापडतात. म्हणून स्पेलिंगमधला फरक सोडून द्यावा, असे एजंटाने ठरवले आणि ते शहाणपणाचेच होते. पण जुन्या नोंदींत जन्मतारखेचा रकाना रिकामा होता. रिकामे आणि रिकामे म्हणजे सारखेच, असे त्या कोडने धरले. एका बाईचे पेन्शन बंद झाले. ती तीन वेळा खिडकीशी जाऊन आली. तिन्ही वेळा तिला एकच उत्तर मिळाले, "संगणकात तुमचं नाव नाही."

पुढे चूक सापडली, थकबाकीही मिळाली. कुणाची नोकरी गेली नाही. "पण मामू," भाचा म्हणाला, "त्या बाईंनी ते तीन महिने कसे काढले असतील? आणि गुन्हा कुणाचा? माझा की त्याचा?"

माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. मी संगणकाचा जाणकार नाही. पण प्रश्न संगणकाचा नसून जबाबदारीचा होता, आणि जबाबदारी हा विषय आपल्या परंपरेला परका नाही. म्हणून हा लेख.

आधी वस्तुस्थिती पाहू. आज्ञा दिली की उत्तर देणारे यंत्र आपल्याला माहीत आहे. एजंट त्याच्या पुढची पायरी. त्याला आज्ञेऐवजी उद्दिष्ट सांगायचे. ते गाठण्यासाठी कोणती पावले टाकायची हे तो स्वतः ठरवतो, फायली उघडतो, कोड लिहितो, चालवून पाहतो, चुकला तर दुरुस्त करतो आणि पुन्हा चालवतो. एकाच कामावर असे अनेक एजंट लावता येतात. फेब्रुवारी २०२६ मध्ये अँथ्रॉपिक या अमेरिकन कंपनीतील एका संशोधकाने आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने सोळा एजंट एकाच वेळी कामाला लावले आणि 'सी' या भाषेचा कंपायलर बनवायला सांगितले. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेल्या कोडचे यंत्राला कळणाऱ्या सूचनांत रूपांतर करणारा कार्यक्रम. संगणकशास्त्रात तो अवघड कामांपैकी एक समजला जातो. पन्नासच्या दशकात आयबीएममध्ये फोरट्रान भाषेचा पहिला कंपायलर तयार करायला जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही वर्षे लागली होती, आणि तो १९५७ साली लोकांच्या हाती आला. इथे सुमारे दोन आठवड्यांत, दोन हजारांच्या आसपास सत्रांत आणि वीस हजार डॉलरच्या जवळपास खर्चात एक लाख ओळींचा कंपायलर उभा राहिला. त्याने लिनक्सचा गाभाही चालण्याजोगा बांधून दाखवला.

यातले कौतुक खरे आहे आणि उणिवाही त्या संशोधकाने लपवलेल्या नाहीत. काही भागासाठी जुन्या, माणसांनी घडवलेल्या कंपायलरची मदत घ्यावीच लागली. तयार झालेला कोड तितका चपळ नव्हता. शेवटी शेवटी तर एक दुरुस्ती केली की आधीचे काही बिघडे. पण मला त्याहून महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट. हा माणूस स्वस्थ बसलेला नव्हता. त्याने कोड लिहिला नाही, पण कोड बरोबर की चूक हे सांगणाऱ्या कसोट्या लावण्यात आपली मेहनत ओतली. कसोटी ढिली असेल तर एजंट चुकीचाच प्रश्न चोख सोडवून ठेवतात, हे त्याच्या ध्यानात आले होते. आणि एवढे यश मिळूनही, ज्या सॉफ्टवेअरची स्वतः पडताळणी केलेली नाही ते लोक वापरात आणतील या विचाराने त्याला अस्वस्थ वाटते, असे त्याने लिहून ठेवले.

माझ्या भाच्याच्या कामात नेमकी इथेच फट पडली होती. कोड लिहिणारा आणि त्याची चाचणी घेणारा एकच होता. परीक्षा देणाऱ्यानेच पेपर काढला तर तो नापास कसा होणार?

आता शब्दांकडे वळू. 'एजंट' या इंग्रजी शब्दाला मराठीत जुना प्रतिशब्द आहे, मुखत्यार. कचेरीत कुलमुखत्यारपत्र करून दिलेले ज्यांनी पाहिले आहे त्यांना तो अपरिचित नाही. हा शब्द अरबी 'मुख्तार'वरून आला. त्याचे मूळ 'इख्तियार', म्हणजे निवड करण्याचा अधिकार. त्याचेच मराठी रूप अखत्यार. ज्याला निवड करता येते तो मुखत्यार. वकील हा शब्दही तसाच. ज्याच्यावर काम सोपवले तो वकील, आणि ज्या धातूपासून 'तवक्कुल' झाला त्याच धातूचा हा शब्द. जामीन, कसूर, अनामत, जबाबदार हेही शब्द अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि इथलेच झाले. सोपवणे, सांभाळणे, चुकणे, भरून देणे या व्यवहारांसाठी मराठी माणूस आजही हेच शब्द वापरतो, मग तो कोणत्याही धर्माचा असो. म्हणजे भाच्याच्या प्रश्नाचा शब्दसंग्रह तरी आपल्या घरातच आहे.

आपल्या फुकहांनी वकालतीचा विचार फार बारकाईने केला आहे. सोपवणारा आणि ज्याच्यावर सोपवले तो, यांच्यातले नाते अमानतीचे असते, असे ते मानतात. वकिलाच्या हातून नुकसान झाले तर दर वेळी त्याला जामीन धरत नाहीत. त्याने मर्यादा ओलांडली असेल किंवा कसूर केली असेल तरच धरतात. दुसरा नियम असा की सोपवणाऱ्याच्या परवानगीशिवाय वकिलाने ते काम परस्पर तिसऱ्यावर सोपवू नये. तिसरी अट सर्वांत मूलभूत आहे. वकिलाला अक्कल हवी, आपण काय करतो आहोत याची समज हवी.

हे तीन नियम भाच्याच्या प्रकरणाला लावून पाहू. संस्थेने काम कंपनीवर सोपवले, कंपनीने भाच्यावर. दोन्ही ठिकाणी सोपवणाऱ्याला ठाऊक होते की काम माणसाकडे जात आहे. भाच्याने ते एजंटाकडे दिले. संस्थेला हे सांगितले होते काय? नाही. तेव्हा रिकाम्या जन्मतारखेची चूक घडण्याच्या आधीच पहिली कसूर घडून गेली होती. काम कुणाच्या हाती आहे हे ज्याचे काम आहे त्यालाच माहीत नव्हते. यात यंत्र वापरल्याचा गुन्हा नाही, न सांगता वापरल्याचा आहे.

पण एजंटाला तरी वकील म्हणता येईल काय? तो तर निवड करतो. शेखच्या स्पेलिंगमधला फरक सोडून द्यावा, ही निवड त्याचीच. तो बोलतो, कारणे देतो, चूक दाखवली तर माफीही मागतो. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतील एका उद्योजकाने अशाच एका एजंटाच्या मदतीने आपली प्रणाली बांधायला घेतली होती. कोणताही बदल करू नये असे स्पष्ट सांगितलेले असताना त्या एजंटाने चालू डेटाबेस पुसून टाकला. गेलेले परत आणता येणार नाही, असेही सांगितले आणि ते खोटे निघाले. नंतर त्याने आपली घोर चूक झाल्याचे कबूल केले. ही कबुली जगभर वाचली गेली आणि अनेकांना तिचे हसू आले. मला ती वाचताना तौबेची आठवण झाली. तौबा म्हणजे नुसते शब्द नव्हेत. झाल्या गोष्टीची लाज वाटणे, ती गोष्ट सोडणे, पुन्हा न करण्याचा निश्चय करणे, आणि कुणाचा हक्क बुडाला असेल तर तो परत करणे. एजंटाच्या माफीत यांपैकी काय होते? वाक्यरचना होती. त्याचे काहीच गेले नव्हते. त्या कंपनीच्या प्रमुखाने माफी मागितली आणि दुरुस्त्या जाहीर केल्या तिचे वजन वेगळे, कारण तो जवाब देऊ लागत होता. जवाब देणारा तो जबाबदार.

कुरआन शरीफात अमानतीची एक विलक्षण गोष्ट आहे. सूरह अहज़ाबच्या शेवटी सांगितले आहे की अमानत आकाश, पृथ्वी आणि पर्वतांपुढे ठेवली गेली, ते तिला घाबरले आणि त्यांनी ती उचलायला नकार दिला. ती उचलली माणसाने. मुफस्सिरांनी अमानतीचे अर्थ निरनिराळे केले आहेत. मला त्यातले एवढेच सांगायचे आहे की नकार देण्यासाठीही ओझ्याची जाणीव लागते. पर्वतांना ती होती. एजंट सहसा काही नाकारत नाही. रात्री एक वाजता कितीही मोठे काम सांगा, तो 'हो' म्हणतो. जो नाही म्हणू शकत नाही, किंवा म्हटले तरी ज्याच्या नाही म्हणण्यामागे भीती नाही, त्याच्या 'हो'ला अमानत स्वीकारणे म्हणता येत नाही.

मग एजंट म्हणजे निव्वळ अवजार, सुरी-कात्रीसारखे, असे म्हणावे काय? तेही पटत नाही. सुरी आपल्या मनाने टेबलावरून उठत नाही. वापरणाऱ्याचा हात थांबला की ती थांबते. एजंट मालक झोपल्यावरही चालतो आणि मालकाला न सुचलेल्या वाटेने जातो. तो वकील नाही आणि सुरीही नाही. मग आहे कोण?

याचे उत्तर मला सूरह अंबियामध्ये सापडले असे वाटते. हज़रत दाऊद आणि हज़रत सुलेमान एका शेताचा निवाडा करीत होते, तो प्रसंग तिथे आहे. एकाची मेंढरे रात्री दुसऱ्याच्या शेतात शिरली आणि पीक खाऊन गेली. तफसीरकारांनी तपशील दिला आहे तो असा. हज़रत दाऊद यांनी निवाडा दिला की मेंढरे शेतकऱ्याला द्यावीत. हज़रत सुलेमान यांनी वेगळा तोडगा सुचवला. मेंढरे काही काळ शेतकऱ्याकडे राहावीत, त्याने त्यांच्या दुधा-लोकरीचा लाभ घ्यावा. तेवढ्या काळात मेंढरांच्या मालकाने ते शेत कसावे आणि पूर्वीसारखे झाले की शेत व मेंढरे ज्याची त्याला परत द्यावीत.

या गोष्टीत तीन बाबी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. एक, मेंढरांना स्वतःची हालचाल आहे. ती कुठे जातील हे मालकाने ठरवलेले नव्हते. तरी दोन्ही निवाड्यांत जबाबदार धरला तो मालक. मेंढरांना कुणी काही विचारले नाही. दुसरी बाब रात्रीची. हदीसमध्ये उंटाने बाग तुडवल्याचे प्रकरण आहे. तिथे असा निर्णय झाला की दिवसा बाग राखणे हे बागवाल्याचे काम आणि रात्री जनावर राखणे हे जनावरवाल्याचे. कारण उघड आहे. रात्री शेतकरी झोपलेला असतो, त्याला सावध राहणे शक्य नसते. म्हणून ज्याची जनावरे त्याने ती बांधून ठेवावीत. तिसरी बाब मला सर्वांत मोलाची वाटते. हज़रत सुलेमान यांचा निवाडा शिक्षेवर थांबत नाही. शेत पुन्हा उभे करा, असे तो सांगतो. जबाबदारीचा अर्थ बोल लावून घेणे एवढाच नाही, नुकसान झालेल्याला मूळ जागी आणून सोडणे हाही आहे.

आपल्या गावाकडे कोंडवाडा असतो. इंग्रजांनी १८७१ साली गुरांच्या आगळिकीचा कायदा केला, त्यात या व्यवस्थेची तरतूद होती. दुसऱ्याच्या पिकात शिरलेले गुरू कोंडवाड्यात जाते आणि दंड भरून सोडवून आणावे लागते ते मालकाला. 'माझ्या बैलानं स्वतःच्या मनानं खाल्लं' हे उत्तर कोंडवाड्याच्या दारात कुणी देत नाही. दिले तर गाव हसेल. मग 'संगणकाने केले' हे उत्तर खिडकीवर चालते कसे?

ते चालते, आणि चालत राहिले तर काय होते याचे मोठे उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. तिथल्या पोस्टाने १९९९ पासून छोट्या टपाल कार्यालयांत होरायझन नावाची संगणक प्रणाली बसवली. तिच्या हिशेबात तूट दिसू लागली आणि पोस्टमास्तरांवर चोरीचे आळ आले. २०१५ पर्यंतच्या काळात या प्रणालीच्या पुराव्यावर नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, कित्येकांचे संसार मोडले, काहींनी जीव दिला. त्यांत भारतीय उपखंडातून गेलेली कुटुंबेही बरीच होती. संगणक नीट चालत होता असे न्यायालयाने गृहीत धरायचे आणि तो चुकला हे आरोपीने दाखवायचे, अशी तिथल्या कायद्याची रीत होती. प्रणालीत दोष होते हे उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केले आणि शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा व्हायला मे २०२४ उजाडले. ती प्रणाली माणसांनी लिहिली होती, एजंटांनी नव्हे. म्हणूनच हे उदाहरण मला जास्त अस्वस्थ करते. कोड कुणी लिहिला हे निदान माहीत असतानाही इतकी वर्षे लागली. उद्या कुणी लिहिला हेच माहीत नसेल तर?

आपल्या जवळचे उदाहरण तेलंगणातले आहे. तिथे सरकारी नोंदी एकमेकींशी ताडून पाहणाऱ्या प्रणालीच्या आधारे शिधापत्रिका रद्द झाल्या. हैदराबादच्या एका गरीब विधवेच्या नवऱ्याच्या नावावर मोटार असल्याचे प्रणालीने दाखवले. तिचा नवरा सायकलरिक्षा ओढणारा होता. मोटारवाला त्याच्याशी नावाने मिळताजुळता दुसराच कुणी होता. रद्द झालेल्या सुमारे एकोणीस लाख शिधापत्रिकांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी करा, असा आदेश २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. भाच्याने सांगितलेली गोष्ट आणि ही गोष्ट यांत फरक फक्त आकड्याचा आहे. आणि दोन्हींत ज्यांचे नाव दुसऱ्यासारखे वाटते, ज्यांचे रकाने रिकामे असतात, ज्यांचा जन्मदाखला कुणी काढलाच नव्हता, तेच सापडतात. रकाना रिकामा राहणे हा गरिबाचा इतिहास असतो.

आता उलट बाजूही ऐकली पाहिजे. भाच्याचा एक सहकारी त्याला म्हणाला होता, "तू कंपायलरने काढलेला कोड तरी कधी वाचतोस काय? विश्वासच ठेवतोस ना?" मुद्दा खोटा नाही. ग्रेस हॉपर यांनी १९५२ साली पहिल्या कंपायलरांपैकी एक बनवला तेव्हा, यंत्र स्वतःचा कार्यक्रम लिहू शकते यावर लोक विश्वास ठेवायला तयार नव्हते. पुढे सगळ्यांनी ठेवला आणि त्याने भलेच झाले. केन टॉम्प्सन या थोर संगणकतज्ज्ञाने १९८३ मध्ये ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना दाखवून दिले होते की कंपायलरमध्येच लबाडी दडवली तर मूळ कोड कितीही वाचला तरी ती दिसणार नाही. अखेर कोडवर नव्हे, तो लिहिणाऱ्या माणसांवर विश्वास ठेवावा लागतो, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता. तेव्हा विश्वास न ठेवता कुणाचेच चालत नाही. पेशइमामाच्या मागे उभे राहताना आपण त्यांचे वुजू तपासत नाही.

पण त्या विश्वासालाही आधार असतो. कंपायलरला तोच मजकूर दिला की तो तेच काम करतो, आणि लाखो लोकांनी वर्षानुवर्षे त्याला घासून पाहिलेले असते. एजंटाला तीच गोष्ट दोनदा सांगितली तर तो दोन निरनिराळ्या रीतींनी करील. आज त्याने तुमच्यासाठी लिहिलेला कोड जगात दुसऱ्या कुणी वापरलेला नसतो. आणि टॉम्प्सनच्या म्हणण्याप्रमाणे शेवटी माणसावर विश्वास ठेवायचा तर तो माणूस कुठेतरी असला पाहिजे. कंपायलर आणि एजंट यांच्यावरचा विश्वास एकाच तराजूत घालता येत नाही तो यामुळे.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हाळ्याचा आहे. भाचाच म्हणाला, "मामू, पूर्वी चार जण करायचे ते काम आता मी एकटा करतो. प्रत्येक ओळ वाचत बसलो तर मला ठेवतील कशाला?" हे ऐकून मला त्याची फार कीव आली. खरोखरच तो एकटा दोषी नाही. चार माणसांचे काम एकावर घालून त्याला एक रात्र देणारे त्यात आहेत. काम कसे होते हे न विचारणारी संस्था आहे. तीन वेळा आलेल्या बाईकडे मान वर करून न पाहता पडदा वाचून दाखवणारा खिडकीवरचा माणूसही आहे. पण जबाबदारी चार जणांत वाटली गेली म्हणून ती पाव होत नाही. प्रत्येक जण मेंढपाळ आहे आणि प्रत्येकाला आपापल्या कळपाबद्दल विचारले जाईल, या अर्थाची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिच्यात खलिफा आहे आणि घरचा नोकरही आहे. कुणालाही दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची सवलत नाही. एरवी दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो. ती बाई तशीच उपाशी राहिली.

आणखी एक काळजी आहे. जो वैद्यकी जाणत नसताना उपचार करतो त्याने नुकसान भरून द्यावे, असा हदीसचा दंडक आहे. जाणणे ही अट आहे. पण जाणणारे तयार कसे होतात? शिंप्याच्या दुकानात पोरगा आधी काजे-बटणे करतो, मग अस्तर लावतो आणि चार-पाच वर्षांनी त्याच्या हाती कात्री येते. सॉफ्टवेअरमधली काजे-बटणे म्हणजे लहानसहान दुरुस्त्या आणि चाचण्या. त्या आता एजंट करतात. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने आपली अवस्था आकड्यांत मांडली. त्यानंतरच्या पिढीतली कितीतरी मुले-मुली घरात पहिल्यांदाच या क्षेत्रात गेली. त्यांना दारात उभे राहायला मिळणारी कामे हीच होती. ती गेली तर उद्याचे उस्ताद कुठून येणार, आणि एजंटाची चूक ओळखणार कोण? उलट हेही खरे आहे की आता एखाद्या तालुक्याच्या गावातली हुशार मुलगी एकटी बसून दवाखान्याची किंवा पतसंस्थेची प्रणाली उभी करू शकेल. दार बंद होते आहे आणि खिडकी उघडते आहे. पण खिडकीतून आत शिरणाऱ्यालाही विद्या लागतेच.

या विद्येच्या मुळाशी आपला एक पूर्वज आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज़्मी यांनी बीजगणिताचा ग्रंथ लिहिला. त्यांच्या नावावरूनच 'अल्गोरिदम' हा शब्द झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण तो ग्रंथ कशासाठी लिहिला हे सहसा सांगत नाही. वारसा, मृत्युपत्रे, वाटण्या, दावे, व्यापार यांत लोकांना पडणारे हिशेब सुटावेत म्हणून. त्याचा मोठा भाग वारसाहक्काच्या गणितांनी भरलेला आहे. विधवेचा वाटा किती, मुलीचा किती, हे बिनचूक निघावे हा त्यामागचा एक हेतू होता. म्हणजे अल्गोरिदमच्या जन्माच्या वेळी पेन्शनवाली बाई त्याच्यासमोरच बसलेली होती. अभिमान बाळगायचा तर त्या हेतूचा बाळगावा.

भाच्याला त्या दुपारी मी एवढेच सांगितले की गुन्हा तुझा आहे, पण तो एजंट वापरण्याचा नाही. मेंढरे पाळणे हलालच आहे, रात्री मोकळी सोडणे हा गुन्हा. हज़रत सुलेमान यांच्या निवाड्याप्रमाणे शेत पुन्हा उभे करणे तुझ्याकडे लागते. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामू, सोपं नाही ते."

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. रात्री दहानंतर कोणताही बदल मान्य करायचा नाही, असे त्याने ठरवले होते. चाचण्या आता तो स्वतः लिहितो. एजंटाला खऱ्या नोंदींना हात लावू देत नाही, नकलेवर काम करायला लावतो. काम कुणी केले हे अहवालात लिहितो. त्याची कामे मागे पडली आणि साहेबांनी दोनदा विचारणा केली. कंपनीला त्याने एक सूचनाही दिली होती. कुणाची नोंद पुसण्यापूर्वी किंवा एक करण्यापूर्वी त्या माणसाला एक फोन जावा, आणि तो फोन माणसानेच करावा. सूचनेवर विचार चालू आहे, असे त्याला कळवण्यात आले होते.

"आणि त्या बाई?" मी विचारले.

"गेलो होतो," तो म्हणाला. "पत्ता काढला. चूक माझ्याकडून झाली असं सांगितलं. त्यांना संगणकाचं काही कळलं नाही. म्हणाल्या, बेटा, तीन महिन्यांत तू पहिला आहेस, जो 'माझ्याकडून' म्हणाला."